निगुतीनं

मी तिला वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं मारलं. मारायचं असं काही ठरवलं नव्हतं. दिवेलागणीला ती खिडकीतून आत आली, ट्यूबलाइटला धडका देत राहिली, मागचे लांब पाय खाली लोंबत होते, आणि आई खुर्चीतून अर्धवट उठत ओरडली, "अगं, गांधीलमाशी!" त्यानंतर माझा हात आणि टीपॉयवरचा पेपर यांच्यात जे काय झालं, त्यात मी फारशी नव्हतेच. एकच फटका. ती फरशीवर पडली, पोट दोन-तीनदा आत-बाहेर झालं, नांगी कुणालाच न लागता बाहेर येऊन परत गेली, आणि संपलं. पेपराच्या घडीवर तिला उचलून मी बाल्कनीतून खाली टाकलं, हात धुतले, आणि आम्ही दोघी पुन्हा टीव्हीसमोर बसलो.

तिसऱ्या दिवशी खिडकी पुसताना लक्ष वर गेलं. बाहेरच्या बाजूनं, चौकटीच्या कोपऱ्यात, काडीएवढ्या काळ्या देठावर एक पोळं उलटं लटकत होतं. राखाडी, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं. सात खण. स्टुलावर चढून बघितलं तर चार खणांत तळाशी पांढुरकी अंडी चिकटलेली, आणि उरलेल्या तिनांत अळ्या. डोकी खाली, तोंडं खणाच्या दाराशी. माझा श्वास लागला असेल, त्या तिन्ही अळ्या एकदम हलल्या. जबडे उघडले. त्यांना वाटलं असणार, आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देठावरून मुंग्यांची ओळ उतरत होती. संध्याकाळपर्यंत सातही खण रिकामे.

मला कीटकांचा फार कळवळा आहे असं नाही. झुरळाला मी चपलेनं मारते आणि नंतर शांत झोपते. इथे मात्र काहीतरी सलत राहिलं, आणि काय सलतंय ते धड सांगता येईना. एका फटक्यात एक की आठ, हा हिशेब करून पाहिला. तोही लागू पडला नाही. शेवटी जे हाताला लागलं ते एवढंच, की कुणीतरी काहीतरी करत होतं, ते चाललंय हे मला ठाऊकही नव्हतं, आणि मी ते मधेच थांबवलं. उरलेलं करायला मागे कुणी नव्हतं. ती एकटीच होती.

अशा वेळी माणूस वाचायला बसतो. प्रायश्चित्ताचा हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार. वाचताना कळलं की या माश्या पोटातल्या एका ग्रंथीचा स्राव देठाला पुन्हा पुन्हा पुसतात आणि मुंग्या त्याला बिचकतात. पोळं एका बारीक देठावर टांगलेलं का असतं, तेही त्यावरून समजलं: राखायची वाट एकच, आणि तीही अरुंद. ती असेपर्यंत मुंग्या आल्या नव्हत्या, यात नशिबाचा काही भाग नव्हता. ती रोज पुसत होती. मी तिला मारल्यावर तो स्राव हळूहळू वाळत गेला असेल, तीन दिवस, आणि मग मुंग्यांना वाट मोकळी झाली.

आणि ते राखाडी जे काही होतं, तो कागद होता. उपमा म्हणून म्हणत नाही. लाकडाचे तंतू जबड्यानं खरवडायचे, लाळेत मळून त्याची गोळी करायची, आणि ती पातळ पट्टीसारखी खणाच्या कडेला लावत जायची. वाळली की कागद. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं 1719 साली तिथल्या विज्ञान अकादमीपुढे हे मांडलं होतं, की माणसं चिंध्यांपासून कागद करतात आणि त्यासाठी चिंध्या गोळा करत हिंडतात, पण या माश्या तर थेट लाकडापासून करतात, मग आपल्याला का जमू नये? जमायला सव्वाशे वर्षं गेली. 1844 च्या सुमारास जर्मनीत केलर या माणसानं लाकूड दळून लगदा करायचं यंत्र बनवलं, आणि पुढे जगातली वर्तमानपत्रं लाकडाच्या लगद्यावर छापली जाऊ लागली. म्हणजे मी जिच्या डोक्यात पेपर घातला, तिची ही कला तिच्या कुळात माणसाच्या कितीतरी आधीपासून होती. हे वाचून मी पेपर घडी करून ठेवला. गुंडाळी करायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

*

बाल्कनीत अण्णांचं टेबल आहे. सागवानी, जड, चार माणसांशिवाय न हलणारं. अण्णा गेले त्या वर्षी खोली लावून घेताना ते तात्पुरतं बाहेर काढलं, आणि 'तात्पुरतं' या शब्दाचं आमच्या घरात जे होतं तेच त्याचंही झालं. दोन वर्षांच्या उन्हापावसानं पॉलिश उडालं, लाकूड राखी झालं. त्याच्या कडेला काही दिवसांपासून फिक्या रेघा दिसायच्या, नखभर लांब, एकीशेजारी एक. वाळवी असेल म्हणून मी घाबरले होते. मग एका दुपारी, सगळं निजलेलं असताना, आवाज आला. कर्र, कर्र. थोडं थांबून पुन्हा कर्र. इतका बारीक, की पंखा चालू असता तर ऐकूच आला नसता. टेबलाच्या कडेवर एक गांधीलमाशी डोकं खाली घालून मागे मागे सरकत होती आणि तिच्या जबड्याखालून लाकडाची एक फिकी रेघ उघडी पडत होती. पुढच्या पायांत गोळी जमली तशी ती उडाली. मी तिच्या मागोमाग डोळे नेले. कुठे लांब गेलीच नाही. वळसा घालून त्याच टेबलाच्या पोटात शिरली.

टेबलाला दोन खण होते. उजवा जाम झालेला, कुणालाच न उघडणारा. डावा आम्ही काढून आत आणला होता, कारण त्यात अण्णांच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या भिजल्या असत्या. त्या खणाची जागा तशीच पोकळ राहिली होती. मी गुडघ्यांवर बसून मोबाइलचा टॉर्च आत मारला, आणि मग लगेच बंद केला, कारण आतून बारा-पंधरा तोंडं माझ्याकडे वळली होती.

खणाच्या जागी खण. एकशेदहा-वीस तरी असतील.

चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर अण्णांनी आजीचे शब्द जमवायला घेतले. आजी म्हणजे त्यांची आई. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर जे शब्द घरातून गेले, ते त्यांना एकेक करून आठवायला लागले, आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदांच्या सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या कापून त्यावर ते लिहायला सुरुवात केली. अकारविल्हे. वर शब्द, खाली आजीचा अर्थ (कोशातला नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष), आणि त्याखाली तिचं एखादं वाक्य. 'खण' या शब्दाखाली लिहिलंय: "कपाटाचा, टेबलाचा. 'वरच्या खणात बघ' म्हणजे डोकं चालव." 'गांधील' सुद्धा आहे: "'तिला डिवचू नका, गांधील आहे ती.' हे आमच्या धाकट्या बहिणीविषयी." आत्याला हे अजून दाखवलेलं नाही.

स्वरांपासून सुरू करून अण्णा 'न'पर्यंत पोचले. शेवटची चिठ्ठी 'निगुतीनं'. त्याखाली, "घाई न करता, जपून, म्हणजे", आणि पुढे कोरं. म्हणजे काय, ते राहिलं. कुणी हाक मारली असेल, चहा आला असेल. नंतर ते आजारीच पडले.

आमच्या घरात अण्णांचं अर्धवट ठेवणं हा विनोदाचा विषय होता. अर्धी विणलेली खुर्ची, अर्धी रंगवलेली भिंत, जर्मन भाषेच्या पुस्तकातले पहिले अकरा धडे. आई म्हणायची, "यांना सुरुवातीचं व्यसन आहे." ते गेल्यावर चिठ्ठ्यांचा खण उचलताना मला मात्र विनोद सुचला नाही, राग आला. एवढा 'न'पर्यंत आलेला माणूस. पुढची पाच-दहा वर्षं कुणी मागितली होती, एखादं वर्ष तरी.

*

पुढचे काही महिने मी त्या टेबलापुढे मांडी घालून बसत असे. आई बाल्कनीच्या दारातून म्हणायची, "त्यांना डोळे असतात बरं का, तू बघतेयस तशा त्याही बघतात." हे तिनं सहज म्हटलं, पण ते अगदीच खरं निघालं. अमेरिकेत एलिझाबेथ टिबेट्स यांनी पोलिस्टेस फस्केटस या जातीच्या माश्यांवर काम केलंय. त्या माश्या एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखतात. प्रत्येकीच्या तोंडावरची पिवळी-तांबडी-काळी नक्षी वेगळी असते. टिबेट्सनी काहींच्या तोंडावर रंगाचा एक फटकारा मारून त्यांना घरी सोडलं, तर घरच्यांनी त्यांना अनोळखी समजून त्यांच्याशी भांडण काढलं. थोड्या वेळानं नव्या चेहऱ्याची सवय झाली आणि भांडण थांबलं. हे वाचून मी पुन्हा टॉर्च मारला आणि चेहरे शोधले. मला एकीचाही वेगळा दिसेना. सगळ्या विटकरी-तांबूस, पोटावर एक पिवळी रेघ. फक्त एक ओळखू यायची, कारण तिच्या उजव्या पंखाचं टोक फाटलेलं होतं. तिला मी फाटकी म्हणू लागले. आईला हे नाव आवडलं नाही.

पोळ्यावर बहुतेक वेळ काहीच घडत नाही. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर उत्साहानं बघायला जाल. माश्या बसून असतात. एखादी मिशा साफ करते. मग कुणीतरी बाहेरून हिरवट काहीतरी घेऊन येते, सुरवंटाच्या मांसाची चावून केलेली गोळी, आणि एकदम धांदल उडते. दोघी-तिघी तिच्यातले तुकडे तोडून घेतात आणि खणाखणात डोकं घालून अळ्यांना भरवतात. या माश्यांची कंबर दोऱ्यासारखी असते, तिच्यातून घट्ट घास खाली उतरत नाही. मांस आणायचं ते अळ्यांसाठीच. अळी खाते आणि बदल्यात तोंडातून एक थेंब देते, साखर आणि अमिनो आम्लं असलेला, आणि मोठी माशी तो पिऊन टाकते. भरवणारीला भरवलं जाणारं मूल भरवतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडली: अळी सगळं बालपणभर एकदाही शी करत नाही. तिचं आतडं मागच्या बाजूनं जोडलेलंच नसतं. कोशात जायच्या आधी एकदाच ते मोकळं होतं, आणि सगळं काळं गाठोडं खणाच्या तळाशी राहतं. तिन्ही मुलांची दुपटी धुतलेल्या माझ्या आईनं हे ऐकून नुसता उसासा सोडला.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा नावाच्या आपल्याकडच्या गांधीलमाशीचा कित्येक दशकं अभ्यास केला. प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन, कोण किती वेळ काय करते याच्या नोंदी. त्या नोंदींतून माश्यांचे तीन गट पडले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन आणणाऱ्या. वाचता वाचता मी आमचं घर त्यात बसवून टाकलं. आणणारी आई, भांडणारा भाऊ आणि मी, बसणारे अण्णा. यात राणी कोण, तर माझा अंदाज भांडणाऱ्यांतली, कारण राज्य करणाऱ्यांविषयी आपलं मत तसंच असतं. या जातीत ती बसणाऱ्यांत निघाली. कुणाला ढोसत नाही, चावत नाही, पोळ्यावरून जाताना पोट घासत जाते, आणि त्या वासावरून बाकीच्यांना कळतं की राणी आहे. तिच्याच जवळच्या नात्यातल्या रोपालिडिया सायाथिफॉर्मिस या जातीत मात्र राणी भांडखोर असते, त्यामुळे यावरून कुणी कसलाही सिद्धान्त काढू नये.

राणीला पोळ्यावरून काढून घेतलं तर काय होतं, ते वाचलं तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून थोडा वेळ बसले. काही मिनिटांतच एक माशी बिथरते. आदल्या दिवसापर्यंत तिच्यात वेगळं असं काही दिसलेलं नसतं. बघणाऱ्याला आधी ओळखता येत नाही की हीच असेल. ती सगळ्यांच्या अंगावर जाते, ढकलते, चावते, घर डोक्यावर घेते. बाकीच्या निमूट सोसतात, तिच्या जागेवर हक्क सांगायला दुसरी उठत नाही. म्हणजे माश्यांना आपापसात ते आधीपासून ठाऊक असावं असं प्रयोगांवरून दिसतं. आणि मग हा आवेश दिवसागणिक उतरत जातो. आठवड्याभरात ती अंडी घालू लागते, तोवर ती जुन्या राणीइतकीच शांत झालेली असते. अण्णा गेल्यावर आई तीन आठवडे सगळ्यांवर खेकसत होती. डबे जागच्या जागी का नाहीत, दार कुणी उघडं टाकलं, माणसं भेटायला येतात ती निघत का नाहीत. भाऊ म्हणाला, तिला डॉक्टरकडे नेऊ. मग एका सकाळी ती उठली, अण्णांच्या खुर्चीत बसली आणि शांतपणे पेपर वाचू लागली. माणसांना माश्यांच्या मापानं मोजू नये हे मला कळतं. तरी ती सकाळ मला आठवली, आणि एवढ्या उशिरा का होईना, भावाला डॉक्टरची वेळ घेऊ दिली नाही याचं बरं वाटलं.

*

एक डंख मीही खाल्ला. चूक माझीच; मोजणी करायची म्हणून हात आत गेला. अंगठ्याच्या मुळाशी आधी टोचल्यासारखं, मग कुणी तापलेला चमचा टेकवून धरावा तसं. मधमाशीसारखी ही माशी नांगी गमावत नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा मारू शकते. माझ्यावर तिनं एकदाच भागवलं. मी हात झटकत आत पळाले. आई म्हणाली, "पोळलं ना?" चावलं, डसलं असं ती म्हणाली नाही. गार पाण्याखाली हात धरून मी तो शब्द तोंडात घोळवत राहिले. पोळ्यानं पोळलं. हे आजीचं होतं का तिचंच, विचारायचं राहून गेलं.

हात सुजलेला असताना मी तो हिशेब वाचला. एका माशीनं आपली अंडी सोडून दुसरीची पोरं का वाढवावीत, हा जुनाच पेच आहे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी 1964 साली त्यावर नात्याचं गणित मांडलं. या कुळात नर बिनफळलेल्या अंड्यातून जन्माला येतो, म्हणजे त्याला बाप नसतो, पण आईचा बाप असतो; आणि या विचित्र व्यवस्थेमुळे सख्ख्या बहिणींमधलं नातं पाऊण भरतं, आई-मुलीच्या निम्म्या नात्यापेक्षा जास्त. म्हणून बहीण वाढवणं परवडतं. गणित सुरेख आहे. पण रोपालिडिया मार्जिनाटाची राणी एकाहून जास्त नरांशी जुगते, राण्या बदलत राहतात, आणि घरातलं नातं पाऊणच्या बरंच खाली येतं. मग तरीही का?

गदगकर यांनी 1990 साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये जे मांडलं, ते समजायला मला पेन्सिल लागली नाही, मला सात खण आठवले. या माशीच्या अंड्यातून पूर्ण वाढलेली माशी बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. आणि कामकरी माशीचं आयुष्य? सरासरी महिनाभर. एकटीनं घर मांडलं तर मूल मोठं होईपर्यंत आई टिकेल याची शक्यता कमीच. ती तिसाव्या दिवशी मेली तर तीस दिवसांचं सगळं भरवणं, राखणं, देठ पुसणं शून्य, मुंग्या येतात. पण भरल्या घरात तीच माशी पंधराच दिवस जगली, तरी तिनं अळीला भरवलेले पंधरा दिवस त्या अळीच्या अंगात असतात. सोळाव्या दिवशी दुसरी कुणीतरी तिथून पुढे भरवते. काम पुरं करायची अटच नाही. जेवढं केलं तेवढं जमा.

मी ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं नाही, कारण मी काय करतेय ते मला कळलं होतं. खिडकीवरच्या त्या एकटीपासून मी अण्णांपर्यंत पोचायचा रस्ता शोधत होते, आणि तो इतका सरळ सापडला की त्याच्यावरच संशय आला. अण्णांना पुढे कुणी शब्द लिहावेत अशी अपेक्षा होती का? आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. गांधीलमाश्यांना हे सोपं जातं. एकीचं अर्धं राहिलेलं काम दुसरी उचलते तेव्हा तिला आधीचीचं अक्षर लावावं लागत नाही.

टेबलावर अण्णांच्या शाईचा एक मोठा डाग होता, निळा, लाकडात मुरलेला. इटलीत पाळलेल्या गांधीलमाश्यांना रंगीत कागद दिले तर त्यांनी रंगीबेरंगी पट्ट्यांचं पोळं बांधलं, असे फोटो पाहिले होते. म्हणून टॉर्चच्या उजेडात मी निळी रेघ शोधली. बराच वेळ शोधली. नव्हती. डागाच्या जागेवर एकही माशी कधी बसली नव्हती. त्यांनी सगळं खरवडलं होतं ते पलीकडच्या कडेचं, जिथे आम्ही भावंडं अभ्यासाला बसून पट्टीनं रेघोट्या मारायचो.

फाटकी हळूहळू म्हातारी होत होती. पंख आणखी झिजला. सुरुवातीला ती बहुधा घरातच दिसायची, नंतर दिवसभर बाहेर. या माश्यांत बहुतेकदा असंच असतं, वयानं कोवळ्या घरातली कामं करतात आणि जोखमीचं बाहेरचं काम वाढत्या वयाबरोबर येतं. एका मंगळवारी ती लगद्याची गोळी घेऊन आली, एका उथळ खणाची कड अर्धा वेढा वाढवली, मिशांनी चाचपली, आणि पुन्हा बाहेर गेली. ओला लगदा गडद दिसतो; तो अर्धा काळपट चंद्र मला स्पष्ट आठवतो. रात्री बघितलं, ती नव्हती. बुधवारी नव्हती. कुठे पडली, कुणी उचलली, कुणाच्या ट्यूबलाइटपाशी गेली, काय माहीत.

बुधवारी दुपारी तो चंद्र पूर्ण झालेला होता. उरलेला अर्धा थोडा वेगळ्या रंगाचा, अधिक फिका. दुसऱ्या कुठल्या लाकडाचा. सांधा शोधला तरच दिसत होता. आणि त्याच्याच बाजूच्या एका खणाचं रेशमी पांढरं झाकण आतून कुरतडलं जात होतं. आधी एक भोक, मग त्यातून मिशा, मग ओलसर दिसणारं एक तोंड. ती बाहेर यायला खूप वेळ लागला. आजूबाजूच्या कुणीही तिच्याकडे विशेष लक्ष दिलं नाही.

त्या रात्री मी चिठ्ठ्यांचा खण पुढ्यात घेतला. एक पाठकोरा कागद त्याच आकारात कापला, जरा तिरकाच कापला गेला, आणि वर लिहिलं: पोळं.

"काय लिहितेस?" आई.

"पोळं. आणि त्याच्याखाली पोळणं. आजी काय म्हणायची गं? त्या दिवशी तू म्हणालीस ते तिचं होतं का?"

आईनं चष्मा लावला आणि खणातल्या चिठ्ठ्या मागून पुढे अशा चाळल्या. "प? अगं, न कुठे संपलाय अजून! नीट राहिलंय, नुसतं राहिलंय, नेट राहिलंय. त्यांनी शिस्तीत लावत आणलंय, तू मधेच कुठे उडी मारतेस?"

मी 'पोळं' सगळ्यांच्या मागे ठेवलं. 'निगुतीनं'च्या चिठ्ठीवरची कोरी जागा आम्ही दोघींनी पाहिली. तिला कुणी हात लावला नाही. मग मी दुसरा कागद कापला, या वेळी पट्टी घेऊन.

"नीटचे तिचे दोन अर्थ होते," आईनं खुर्ची टेबलाशी ओढली. "एक चांगला आणि एक रागातला. आधी रागातला लिही."